श्वासकडी

टोपलीतला आवाज शलाकाने दार उघडण्याआधीच ओळखला. ओल्या फडक्यातून हवा ओढावी तसा आवाज. श्वास आत जाताना घरघर, बाहेर पडताना बारीक शिट्टी, आणि दोन्हींच्या मध्ये एक रिकामी जागा. पुढचा श्वास येणार की नाही, हे त्या जागेत ठरायचं असतं.

"चार आहेत," हर्षलदादा म्हणाला. गाडीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत येईतो त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नागपुरातला मे महिना, त्यात सकाळ संपत आलेली. टोपलीच्या तळाशी बर्फाच्या पिशव्या, त्यांवर जुना टॉवेल, आणि टॉवेलवर चार पग पिल्लं. "तिघं मस्त आहेत. हा धाकटा जरा नाटकं करून राहिला."

धाकट्याची जीभ जांभळी पडली होती.

"ही नाटकं नाहीत, दादा."

"मग घशात कडी बसव ना. तुझं तर रोजचंच काम आहे ते."

दवाखान्यातल्या नर्सने, ममताने, कुणाच्या सांगण्याची वाट न बघता पिल्लू उचललं आणि प्राणवायूच्या काचपेटीत ठेवलं. शलाकाने पेटीच्या झरोक्यातून हात घालून बॅटरी धरली. नाकपुड्या म्हणाव्यात असं काही नव्हतंच. कणकेच्या गोळ्यावर नखाने दोन खुणा कराव्यात, तेवढंच.

"किती दिवसांचा?"

"सात आठवडे झाले."

"सहा महिन्यांच्या आत कडी बसत नाही. तुला माहीत आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर बहीण कशाला पाहिजे?" दादाने खिशातून स्टीलची छोटी फूटपट्टी काढली आणि पेटीच्या काचेवर उभी धरून दाखवली. "मी अशी लावून पाहिली. कपाळ, नाक, हनुवटी, तिन्ही एकदम टेकतात. आमच्या धंद्यात असं पिल्लू अजून कुणी पाहिलेलं नाही, शलू. नाव ठेवलं चांद."

पग पाळणारे सगळे ही फूटपट्टी खिशात बाळगत. नाक पुढे आलं असेल तर पट्टी कपाळाला टेकत नाही, आणि पिल्लू घरगुती म्हणून स्वस्तात जातं. तिन्ही ठिकाणी टेकली की पिल्लाच्या बापाचं नाव इंदूरपासून हैदराबादपर्यंत पोचतं. दादाच्या चेहऱ्यावर आता तेच होतं. पिल्लाच्या श्वासाची काळजी होतीच, पण तिच्याही वर एक चमक होती.

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची अडचण समजायला सोपी आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांची कवटी आखूड केली, कारण सपाट चेहरा आणि मोठाले डोळे पाहिले की माणसाला तान्हं मूल आठवतं. पण हाड आखूड झालं तरी आतलं मांस त्या मानाने आखडलं नाही. जीभ जवळपास तेवढीच, टाळूच्या मागचा मऊ पडदा तेवढाच, नाकातल्या घड्याही तेवढ्याच. चार खोल्यांचं सामान एका खोलीत कोंबावं आणि मग दारापर्यंत वाट काढावी, तसा त्यांचा प्रत्येक श्वास.

त्यात भौतिकशास्त्राची एक मेख आहे. श्वास अडला की प्राणी जोर लावून ओढतो. जोर लावला की नळीतला दाब आणखी उतरतो आणि मऊ भिंती आत खेचल्या जातात. रसवंतीत भिजलेल्या कागदी नळीने रस ओढू लागलं की नळीच चपटी होते, तसं. धडपड जितकी जास्त, तितकी वाट बंद. शिवाय कुत्र्याचं अंग घामाने थंड होत नाही. धापा टाकून, ओल्या जिभेवरून हवा खेळवून ते थंड होतं. नागपूरचा उन्हाळा अठ्ठेचाळीस अंशांवर मुक्काम करू लागल्यापासून ही कुत्री भर दुपारी, काहीही न करता, बसल्या जागी मरू लागली होती.

शलाकाची श्वासकडी त्यावरचा उपाय होती. कुत्र्याच्या कानातून कूर्चेचा कण घ्यायचा आणि त्यातल्या पेशी एका जाळीदार साच्यावर वाढवायच्या. तीनेक आठवड्यांत त्याच्याच कूर्चेची लवचीक कडी तयार होते. ती घशात, मऊ टाळूच्या मागे बसवायची. जाळीत कृत्रिम स्नायूचे धागे विणलेले. नळीतला दाब उतरू लागला की धागे ताठ होतात आणि भिंत कोसळत नाही. श्वास संपला की सैल पडतात, म्हणून गिळताना त्रास नाही. लागणारी वीज गळ्यातल्या पट्ट्यातून बिनतारी मिळते.

पहिली यशस्वी कडी दादाच्या नवाब नावाच्या पगला बसली. तेव्हा राज्याच्या श्वानप्रजनन परिषदेला एक नियम हवा होता: ज्या कुत्र्याला नीट श्वास येतो त्याचीच पैदास व्हावी. नियम चांगलाच होता. पण श्वास नीट आहे हे ठरवायचं कसं? शलाकाने स्वतःची श्वासपेटी सुचवली. पारदर्शक पेटीत कुत्रं मोकळं बसतं, त्याच्या प्रत्येक श्वासाने पेटीतला दाब किंचित हलतो, आणि त्या हलण्यावरून यंत्र श्रेणी देतं. शस्त्रक्रिया जमली की नाही, ते ती याच पेटीत बघायची. नवाबला श्रेणी मिळाली शून्य, म्हणजे उत्तम. त्या दिवशी भाऊ-बहिणीने गाडीवर उभ्याने तर्री-पोहे खाल्ले होते, आणि दादाने पोहेवाल्यालाही नवाबचा फोटो दाखवला होता.

चांदच्या डोक्याचं त्रिमिती चित्र आलं तेव्हा शलाकाने शेजारी नवाबचं चित्र उघडलं. शस्त्रक्रियेच्या आधीचं. नवाब हा चांदचा बाप.

नवाबला निदान नाक होतं. आखूड, दुमडलेलं, पण हाडाचा एक कंगोरा तरी दिसत होता. चांदच्या चित्रात डोळ्यांच्या खोबणींच्या मध्ये सरळ भिंत होती.

ती बराच वेळ दोन्ही चित्रांकडे बघत राहिली. कडीच्या आधी नवाबसारखा कुत्रा बाप झालाच नसता. माजावरच्या मादीमागे दोनदा धावला असता तर तिथेच कोसळला असता. क्रूर होता, पण तो लगाम होता. कडीने तो काढून घेतला. आणि श्वासपेटी कुत्र्याला फक्त एवढंच विचारत होती, तुला आज श्वास येतो का? परिषदेला विचारायचं होतं, तुझ्या पिल्लांना येईल का? दोन वेगळे प्रश्न, आणि तिने दोन्हींसाठी एकच यंत्र नेऊन दिलं होतं. कडी घातलेली सगळी कुत्री पेटीत शून्य श्रेणीने पास होत होती. ज्यांची पैदास थांबवायची, नेमकी त्यांचीच पैदास नियमाने होत होती.

"काय झालं, मॅडम?" ममताने विचारलं.

"काही नाही. याच्या कानातला कण घेऊन ठेव."

"पण याच्या मापाची कडी कुठे आहे?"

"नाहीच आहे. करावी लागेल."

दुसऱ्या दिवशी शलाका उमरेड रोडवरच्या दादाच्या श्वानगृहात गेली. एक लांबलचक थंड केलेली खोली आणि तिला मैदानाच्या बाजूने पूर्ण काच. मैदान कुंपण घालून, झाडं लावून मुद्दाम केलेलं. पण मार्च लागला की काचेचं दार बंद व्हायचं ते पाऊस सुरू झाल्यावरच उघडायचं. वीस-बावीस कुत्री काचेलगत ओळीने बसून बाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे बघत होती. एखादी खार फांदीवरून उतरली की सगळी डोकी एकदम वळायची. उठायचं कुणीच नाही.

नवाब मात्र धावत आला. शलाकाच्या पायांत घुटमळला, पाठीवर लोळला, पोट दाखवलं. श्वासाचा आवाज अजिबात नाही.

"छोटी कडी जमेल?" दादाने विचारलं.

"जमेल. गुंडाळीसारखी करते. पिल्लाचा घसा वाढेल तशी ती उलगडत जाईल."

"वा रे पठ्ठी! मग अडलं कुठे?"

"नवाबची नसबंदी कर. आणि त्याच्या सगळ्या पिल्लांची."

दादा हसला. ती हसत नाही हे बघून थांबला. "काहून?"

तिने चित्रं दाखवली, समजावून सांगितलं. तो नीट ऐकत होता. ऐकून घेण्यात तो कधीच कमी नव्हता.

"हे बघ," तो म्हणाला, "तू ज्याच्याबद्दल बोलून राहिली, तो हा इथे लोळतोय. सांग, हा तुला दुःखी दिसतो?"

नवाब दुःखी नव्हता. अडचण तीच होती.

"त्याच्या पिल्लाची जीभ काल जांभळी होती, दादा."

"त्याच्यासाठी तू आहेस ना."

"आणि चांदच्या पिल्लांसाठी?"

"तेव्हा आणखी छोटी काढशील. तुझं डोकं काय थांबणार आहे?" हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. खऱ्या अभिमानाने बोलला. तिच्या दहावीच्या निकालादिवशी गल्लीभर बोलत फिरला होता, अगदी तसाच.

शलाकाने चित्रं बाजूला ठेवली. "मी नाही केली तर? ही छोटी कडी केलीच नाही तर?"

दादाच्या चेहऱ्यावरची चमक हळूहळू विझली. "म्हणजे पिल्लाचा श्वास मुठीत धरून माझ्याशी सौदा करते तू?"

काचेपलीकडे खार निघून गेली होती, तरी कुत्री तिकडेच बघत होती.

पेशींना निर्णयाची वाट बघता येत नाही. साच्यावर सोडल्या की त्या वाढतात. शलाकाने त्या सोडल्या आणि स्वतःला सांगितलं की कडी तयार झाली म्हणजे बसवलीच पाहिजे असं नाही.

चांद काचपेटीतच राहिला. तो बसून झोपायचा. डोळे मिटायचे, मान कलायची, मान कलली की वाट बंद, की दचकून जागा. पुन्हा डोळे मिटायचे. ममताने त्याच्या तोंडात लहान मुलांच्या दातांसाठी असतं तसं रबरी कडं दिलं. ते दातांत धरलं की तोंड उघडं राहायचं आणि थोडी झोप मिळायची. कडं पडलं की झोप संपली.

"याला झोपणं म्हणजे ड्यूटीच आहे, मॅडम," ममता म्हणाली. "आपण दमून झोपतो, हा झोपून दमतो."

शलाका जवळ गेली की तो काचेला तोंड लावायचा. दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याचं आधी नाक टेकलं असतं. याचा अख्खा चेहरा एकदम टेकायचा आणि काचेवर वाफेचं गोल वर्तुळ उमटायचं. ते विरायच्या आत दुसरं. ती वर्तुळं लहान लहान होत चालली होती.

कडी तयार झाली त्या दिवशी तिने दादाला कुठलीही अट घातली नाही. फक्त फोन करून सांगितलं, आज करते.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. जीभ पुढे ओढून धरली, पडद्याचा लोंबता भाग कापला, गुंडाळी जागेवर सरकवली, पट्टा चालू केला. भूल हलकी करून घशातली नळी काढली, आणि खोलीत शांतता पसरली.

"मॅडम, आवाज बंद झाला!" ममता ओरडली.

"छातीकडे बघ."

छाती वर-खाली होत होती. संथ, पूर्ण, बिनआवाजाची. तीन आठवडे त्या घरघरीची सवय झालेल्या ममताने शांतता म्हणजे मरणच धरलं होतं. ती हसली आणि बाहीने डोळे पुसले.

शलाका हसली नाही. हे पिल्लू आता वाढेल. श्वासपेटीत बसेल, त्याला शून्य श्रेणी मिळेल. फूटपट्टी तिन्ही ठिकाणी टेकेल. बाहेरगावाहून माद्या येतील. मग ज्यांच्या घशात ही गुंडाळीसुद्धा मावणार नाही अशी पिल्लं टोपल्यांतून येतील, आणि ती त्यांच्यासाठी याहून लहान काहीतरी करेल, कारण जांभळी जीभ समोर असताना नाही म्हणणं तिला जमत नाही. हे आज तिने स्वतःच सिद्ध केलं होतं.

"नळी परत घाल," ती म्हणाली. "आणि दुसरा ट्रे दे. नसबंदीचा."

ममताचा हात थांबला. "दादांनी सांगितलंय?"

"नाही. तू बाहेर जा. औषधांचं कपाट लावायचं राहिलंय."

"मग भुलीवर लक्ष कोण ठेवणार?" ममता म्हणाली. ती गेली नाही. ट्रे मात्र तिने पुढे केला नाही. शलाकाने तो स्वतः उचलला. ममता टेबलाकडे पाठ करून मॉनिटरसमोर उभी राहिली. "मी फक्त आकडे बघून राहिले," ती म्हणाली.

चपट्या तोंडाच्या पिल्लाला भुलीखाली जादा ठेवलेलं प्रत्येक मिनिट धोक्याचं असतं. विद्यार्थ्यांना ती हेच वाक्य शिकवत असे. मधे एकदा ममता म्हणाली, "मॅडम, ठोके उतरले." शलाकाचे हात थांबले. यंत्राचा सूर लांबत गेला. मग ठोके पुन्हा चढले, आणि तिने काम पुरं केलं.

काही दिवसांनी चांद दवाखान्याच्या फरशीवर धावत होता. वळताना घसरायचा, भिंतीवर आपटायचा, उठून पुन्हा धावायचा. दादा मांडी घालून खाली बसला होता आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"शलू, तू ना... बाप्पा! काय बोलू मी?" त्याने पिल्लाला उचलून छातीशी धरलं. मग सवयीने उलटं केलं. पिल्लं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. बोट थेट टाक्यांवर गेलं.

"हे काय आहे?"

शलाकाने सांगितलं. जे केलं ते, जसं केलं तसं.

दादाने पिल्लू हळूच खाली ठेवलं. "पिल्लू माझं होतं."

"हो."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणूनच विचारतात, शलू."

चांद त्याच्या बुटाची लेस ओढत होता.

"तेवढ्या वेळात तो गेला असता तर?"

"जाऊ शकला असता. एकदा ठोके उतरले होते."

"मग मला काय सांगितलं असतं?"

तिने खरंच विचार केला. "माहीत नाही. कडी बसवताना गेला, असं कदाचित."

तो तिच्याकडे बघत राहिला. अनोळखी माणूस ओळखीचं हसला तर आपण बघतो, तसा. "पशुवैद्यक परिषदेकडे गेलो तर तुझा परवाना जाईल."

"जाईल."

"मग जाऊ?"

"बाकीची तिघं कशी आहेत?" तिने विचारलं.

दादा चांदच्या लेस ओढण्याकडे बघत राहिला. "दोघांना कालपासून धाप लागून राहिली. रात्री बसून झोपतात."

छोटी कडी देशात एकच डॉक्टर करत होती. दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून ते कुणी बोललं नाही. दादाने चांदला उचललं आणि निरोप न घेता निघून गेला.

त्यानंतर तो फक्त ममताशी फोनवर बोलला. त्या दोन पिल्लांना कानांतले कण घेण्यासाठी आणून तिथेच ठेवून गेला, पण शलाका आत आहे म्हटल्यावर आत आला नाही. कड्या वाढत होत्या. काचपेट्या आता दोन होत्या, आणि दातांत धरायची रबरी कडीही दोन.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र तो सकाळीच आला आणि दारात उभा राहिला. "या वेळी मी आत उभा राहणार. टेबलाजवळ. तुझ्या हातांकडे बघत."

"राहा," शलाका म्हणाली. "पण आधी ऐक. कडी बसवीन, आणि नंतर दुसरंही करीन. तुझ्यासमोर, तुला सांगून. नको असेल तर पिल्लं आत्ता घेऊन जा."

"म्हणजे तेच झालं. श्वास मुठीत धरून सौदा."

"हो, तेच. मागच्या वेळी चोरून केलं, या वेळी तोंडावर करते. तिसरा रस्ता मला सापडला नाही. तुला सापडला असेल तर सांग."

दादाने पेट्यांकडे पाहिलं. एका पिल्लाच्या तोंडातलं कडं सुटून पडलं होतं. ते दचकून जागं झालं, पुढचे पाय ताठ करून उभं राहिलं आणि मान वर करून हवा शोधू लागलं. दादाचा हात नकळत पेटीच्या झरोक्यातून आत गेला. त्याने कडं उचलून परत त्याच्या दातांत दिलं, आणि हात तिथेच राहू दिला.

"नवाबला मी आणणार नाही," तो म्हणाला.

"आज त्याचं विचारत नाही मी."

"उद्या विचारशील."

"उद्या विचारीन."

"आणि चांदसारखं पिल्लू पुन्हा होणार नाही."

"त्यासाठीच तर."

"माझं सगळं आयुष्य त्या पट्टीत गेलं, शलू."

"माझं त्या कडीत."

दादाने झरोक्यातून हात काढला. पिल्लू उचललं नाही, गाडीची किल्लीही काढली नाही. ममताने पुढे केलेला हिरवा गाऊन घेतला आणि उलटसुलट करून बघू लागला.

"बंद मागे येतात," शलाका म्हणाली. "स्वतःचे स्वतःला बांधता येत नाहीत."

तिने त्याचे बंद बांधले. मग स्वतःचा गाऊन चढवला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. ममता पुढे येऊ लागली, तशी शलाकाने मानेनेच नको म्हटलं.

पेटीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तिच्या मानेपाशी दादाची बोटं लागली. त्याने गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. तिने ती सैल करायला सांगितलं नाही.